दिवाळीच्या पाहुण्यांसाठी शेतकऱ्याच्या घरातील खोली

खरीप हंगामाची सुगी आणि दिवाळी ही महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी जवळजवळ एकाच वेळी येतात. सोयाबीन, बाजरी, भात ह्यांची काढणी व मळणी चालू असते, कापसाची वेचणी तोंडावर आलेली असते, आणि त्याच दिवसांत भाऊबिजेसाठी माहेरी येणाऱ्या लेकीची वाट घरातील सर्वजण पाहत असतात. शहरात नोकरीस असलेले भाऊ व त्यांची मुलेबाळेही ह्याच सुटीत गावी येतात. आलेल्यांची झोपण्याबसण्याची व्यवस्था नीट व्हावी, त्यांना दिलेली खोली नीटनेटकी व प्रसन्न दिसावी, असे प्रत्येक गृहिणीस वाटते. परंतु सुगीच्या धांदलीत वेळ अपुरा पडतो. मग आदल्या रात्री पोती एका कोपऱ्यात सारून त्यांच्यावर चादर टाकली जाते आणि उरलेल्या जागेत सतरंजी पसरली जाते.

ही रीत दिसावयास बरी नाही, एवढाच तिच्यातील दोष नव्हे. शेतकऱ्याच्या घरातील जी खोली 'रिकामी' म्हणून पाहुण्यांस दिली जाते, ती वर्षभर रिकामी नसते. तीत धान्याची पोती असतात, खताच्या गोण्या असतात, फवारणीचा पंप असतो आणि फडताळात वा माळ्यावर औषधांच्या अर्धवट वापरलेल्या बाटल्या असतात. घरच्या माणसांस कोणती वस्तू कोठे आहे हे ठाऊक असते. अंधारातही त्यांचा हात चुकत नाही. पाहुण्यास, आणि विशेषतः पाहुण्यांच्या लहान मुलांस, ह्यांपैकी काहीच ठाऊक नसते. म्हणून पाहुण्यांची खोली सिद्ध करणे म्हणजे घराकडे एकवार परक्या माणसाच्या दृष्टीने पाहणे होय. प्रथम खोली निर्धोक करावी, मग स्वच्छ करावी आणि त्यानंतर सजवावी. हा क्रम उलटा करू नये.

खोलीची निवड

ज्या घरात एकाहून अधिक खोल्या देता येण्याजोग्या असतील, तेथे पुढील गोष्टी पाहून निवड करावी. खोलीस निदान एक खिडकी असावी व ती बाहेरच्या मोकळ्या हवेकडे उघडणारी असावी. खोली गोठ्यास व उकिरड्यास लागून नसावी. न्हाणीघर व शौचालय ह्यांच्याकडे जाण्याची वाट सरळ असावी आणि त्या वाटेवर रात्री दिवा लावण्याची सोय असावी. वृद्ध पाहुणे यावयाचे असतील तर उंच उंबरठे व पायऱ्या जेथे कमी आहेत अशी जागा द्यावी.

ज्या खोलीत दीर्घकाळ कीटकनाशके साठविली आहेत, सांडली आहेत आणि जिच्यात अजूनही त्यांचा उग्र वास येतो, ती खोली निजावयास देऊ नये. अशा वेळी सोप्यात अथवा पडवीत आडोसा करून पाहुण्यांची व्यवस्था करणे अधिक चांगले. तान्हे मूल घेऊन येणाऱ्या लेकीच्या बाबतीत तर ह्या नियमास अपवाद करू नये. तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो आणि रांगणारे मूल भुईवरील प्रत्येक वस्तू तोंडात घालते.

विषारी वस्तू प्रथम बाहेर काढाव्यात

खेड्यापाड्यांत पिकावरील विषास 'औषध' म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या शब्दामुळेच पुष्कळदा घात होतो. घरातील मुलांस त्या औषधाचा अर्थ माहीत असतो, परंतु शहरातून आलेल्या मुलास औषध म्हणजे खोकल्याची बाटली एवढेच माहीत असते. त्यातच उरलेले तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आढळते. तहानलेल्या मुलाने अशी बाटली तोंडास लावली, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जी द्रव्ये उघड्या शिवारातही माणसाचा प्राण घेऊ शकतात, ती निजण्याच्या खोलीत ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

ह्यासाठी खोली लावण्याचे काम हाती घेण्यापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाने पुढील कामे स्वतः करावीत. ती मुलांवर सोपवू नयेत.

१. हातमोजे घालून व नाकातोंडास स्वच्छ फडके बांधून फडताळ, माळा, कोनाडे व खाटेखालील जागा तपासावी आणि सर्व बाटल्या, पुड्या व डबे एकत्र करावेत.

२. प्रत्येक बाटलीवरील रंगीत त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण असलेले द्रव्य अत्यंत जहाल, पिवळे त्याखालोखाल, निळे मध्यम आणि हिरवे त्या मानाने सौम्य विषारी समजावे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असा अर्थ कोणी करू नये.

३. मूळ वेष्टणात असलेली द्रव्ये कुलूपबंद पेटीत वा कपाटात घालून ती पेटी निजण्याच्या, स्वयंपाकाच्या व धान्याच्या जागेपासून दूर ठेवावी. किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी.

४. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही आणि आत काय आहे हे कोणास सांगता येत नाही, ती वापरू नये, तिचा वास घेऊन पाहू नये आणि ती नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. ती वेगळी कुलपात ठेवून गावातील कृषी कार्यकर्त्यास दाखवावी.

५. रिकामे डबे पाणी, तेल, दूध अथवा धान्य ठेवण्यास कधीही घेऊ नयेत. फवारणीच्या वेळीच ते तीनदा विसळून ते पाणी पंपात घालावे आणि डब्यास भोके पाडून तो निकामी करावा.

६. बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे खाण्याच्या धान्याजवळ ठेवू नये. पाहुण्यांच्या घाईत एखादे नवखे माणूस तेच दळणास काढण्याचा संभव असतो.

७. उंदरांसाठी ठेवलेली विषारी आमिषे शोधून मोजून परत घ्यावीत. किती ठेवली होती हे आठवत नसेल तर संपूर्ण खोली पुन्हा झाडून पाहावी.

भुईवर द्रव्य सांडले असल्यास ती जागा पाण्याने धुऊ नये. पाण्याबरोबर विष पसरते. त्या जागेवर कोरडी माती, राख अथवा लाकडाचा भुसा टाकून ओल शोषून घ्यावी. भुई मातीची असेल तर वरचा थर खरवडून काढावा. हे सर्व विहीर, ओढा व गुरांची चराई ह्यांपासून दूर खोल पुरावे. त्यानंतर भुई नव्याने चोपून सारवावी. फरशी वा सिमेंटची जमीन असल्यास ओल शोषून घेतल्यावर ती साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसून घ्यावी, आणि ते फडके पुन्हा घरात वापरू नये.

धान्य व धुरीच्या गोळ्या

पाहुण्यांच्या खोलीतून धान्य हलविणे शक्य असल्यास अवश्य हलवावे. पोती भिंतीस चिकटून न ठेवता फळ्यांवर रचावीत, म्हणजे त्यांस ओल लागत नाही व उंदरांची बिळेही दिसतात. उन्हात चांगले वाळविलेले धान्य पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकून ठेवल्यास किडीचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

येथे एका गोष्टीविषयी निक्षून सांगणे आवश्यक आहे. धान्यास कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या पोत्यांत वा कोठीत घालण्याची चाल काही घरांत आहे. ह्या गोळ्यांस हवेतील दमट अंश लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. हा वायू दाराच्या फटींतून, कौलांखालून व सामायिक भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत जातो. त्यास लसणासारखा अथवा कुजक्या माशासारखा वास येतो, परंतु झोपलेल्या माणसास तो जाणवेलच असे नाही. ह्या वायूच्या विषबाधेवर कोणताही उतारा उपलब्ध नाही. ह्याच कारणासाठी अशी धुरी केवळ शासकीय यंत्रणेने अथवा कीड नियंत्रणाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी, असा नियम आहे. शेतकऱ्याने राहत्या घरात ती स्वतः देऊ नये. घरात अशा गोळ्या घातलेल्या असतील, तर पाहुणे येण्याची वाट न पाहता त्या जागेजवळ कोणीही निजू नये आणि कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

रात्री एकाच घरातील अनेकांस एकदम मळमळ, उलट्या, डोकेदुखी वा धाप लागणे असा त्रास होऊ लागला, तर तो फराळाचा दोष समजून स्वस्थ बसू नये. सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. घरात कोणते द्रव्य होते ते डॉक्टरांस सांगावे व शक्य असल्यास त्याचे वेष्टण दाखवावे.

डागडुजी व सफेती

पावसाळ्यात गळलेली कौले, भिंतींच्या भेगा व दारा-खिडक्यांच्या फटी प्रथम बुजवाव्यात. खोली आतून ओली असेल तर ओल कोठून येते ते शोधून काढावे. ओलीवर दिलेला रंग महिन्याभरात सुटतो.

चुन्याची सफेती ही सर्वांत स्वस्त व आरोग्यदायी होय. ताजी चुनकळी आणून दर किलोस सुमारे पाच लिटर पाणी ह्या प्रमाणात भिजवावी. भांडे लोखंडी घ्यावे किंवा जमिनीत खळगा करून त्यात चुना भिजवावा. चुनकळी पाण्यात पडताच पाणी उकळू लागते, म्हणून प्लॅस्टिकची बादली घेऊ नये आणि मुलांस जवळ येऊ देऊ नये. पाण्यात चुनकळी थोडी थोडी टाकावी. हे मिश्रण २४ तास तसेच ठेवून मग जाड फडक्याने गाळून घ्यावे. गरम पाण्यात विरघळविलेला थोडा डिंक त्यात मिसळल्यास सफेती अंगास वा कपड्यास लागत नाही, आणि किंचित नीळ घातल्यास पांढरेपणा उठून दिसतो. जुना पोपडा खरवडून, भिंत झाडून, कुंच्याने एक हात उभा व तो वाळल्यावर दुसरा हात आडवा द्यावा. चुना डोळ्यात उडाल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावा आणि दवाखान्यात जावे.

मातीच्या भिंतींस पांढऱ्या मातीचा हात आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा दिल्यास खोलीस फार देखणे रूप येते. महागड्या तैलरंगाची त्यास सर येत नाही. शिवाय मातीची भिंत श्वास घेते, आणि तैलरंग तिच्यातील ओल आत कोंडून ठेवतो.

हवा, उजेड व वीज

खिडकीचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश असावे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीस तीन फूट रुंद व चार फूट उंच खिडकी ह्या हिशेबाने पुरेशी होते. खिडकी लहान असेल तर तिच्यासमोर रचलेले सरपण व गोण्या तरी काढाव्यात. अनेक घरांत तेवढ्यानेच खोली उजळून निघते. दोन समोरासमोरच्या खिडक्या असल्यास वारा खेळता राहतो.

दिवाळीच्या सुमारास पहाटे गारठा पडू लागतो. अशा वेळी कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूस वास नसतो व माणूस झोपेतच दगावतो.

खोलीत विजेचा एक दिवा, एक पंखा आणि दूरध्वनी संच भारित करण्यासाठी एक खटका एवढी सोय पुरे होते. तात्पुरत्या दिव्यांच्या माळा पत्र्यावरून अथवा कपडे वाळत घालण्याच्या तारेवरून नेऊ नयेत. उघड्या जोडाच्या वायरीमुळे सारा पत्रा जिवंत होतो. अर्थिंग नीट आहे की नाही हे जाणकार तारतंत्र्याकडून पाहून घ्यावे.

अंथरूण-पांघरूण

पाहुण्यास सर्वांत अधिक सुख देणारी वस्तू म्हणजे स्वच्छ व कोरडे अंथरूण होय. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या व गोधड्यांस कुबट वास येतो. आश्विनातील ऊन कडक असते. त्याचा लाभ घेऊन दोनतीन दिवस गाद्या दोन्ही बाजूंनी उन्हात टाकाव्यात व काठीने झोडाव्यात. खोळी, चादरी व अभ्रे धुऊन घ्यावेत. सोलापुरी चादर, घरी शिवलेली गोधडी, हातमागाची सतरंजी ह्या वस्तू टिकाऊ आहेत आणि दिसावयासही सुरेख आहेत. जुन्या लुगड्यांची व्यवस्थित शिवलेली गोधडी पाहुण्यास देण्यात कोणतेही उणेपण नाही. शहरातील घरांत हीच गोधडी आज हौसेने विकत घेतली जाते.

खाटांत ढेकूण असल्यास खाट अंगणात नेऊन तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे व ती उन्हात ठेवावी. हा उपाय दर दोनतीन दिवसांनी पुन्हा करावा, कारण अंड्यांतून नवे ढेकूण निघतात. पूर्वी अंथरुणाखाली गॅमेक्सिनची पूड टाकण्याची चाल होती. त्या वर्गातील बी. एच. सी. ह्या द्रव्यावर १९९७ साली बंदी आली. पिकावर मारण्याचे कोणतेही द्रव्य खाटेवर, गादीवर वा भिंतीवर मारू नये.

साप, विंचू व डास

भुईवर निजणाऱ्यास मण्यार ह्या सापापासून विशेष धोका असतो. मण्यार रात्री हिंडते, उबेसाठी वा भक्ष्यासाठी घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाचा तिला धक्का लागल्यास चावते. तिच्या दंशाच्या जागी सूज वा वेदना फारशी नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि तोवर अमूल्य वेळ गेलेला असतो. त्यासाठी पाहुण्यास शक्य तो खाटेवर निजवावे आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचाव्यात. मच्छरदाणीमुळे डास, साप व विंचू ह्या तिघांपासूनही रक्षण होते, म्हणून खोलीच्या सामानात तिचा क्रम पहिला लागतो.

खोलीभोवतीचे विटांचे, दगडांचे व सरपणाचे ढीग दूर हलवावेत. उंदीर असले की साप येतो, हे ध्यानात ठेवून सांडलेले धान्य रोज झाडून काढावे. पादत्राणे झटकून घालावीत, अंथरूण घालताना झटकावे आणि रात्री बाहेर जाताना विजेरी बरोबर घ्यावी, ह्या गोष्टी शेतकऱ्यास सांगाव्या लागत नाहीत. परंतु पाहुण्यास त्या पहिल्याच संध्याकाळी सांगाव्यात. तो भिईल म्हणून गप्प राहणे योग्य नव्हे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. कोणत्या रुग्णालयात ते मिळते, ह्याची चौकशी आधीच करून ठेवावी. विंचवाच्या दंशानेही लहान मुलाचे हृदय बिघडून मृत्यू ओढवतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे अनेक प्राण वाचले आहेत. मात्र त्यासाठी रोगी वेळेवर दवाखान्यात पोहोचला पाहिजे.

डेंग्यूचे डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतात आणि अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडाभर लागतो. पाहुण्यांसाठी म्हणून भरून ठेवलेले रांजण व पिंपे झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावीत.

पाणी, न्हाणी व शौचालय

खोलीत झाकण असलेले मातीचे अथवा तांब्याचे भांडे व त्यातून पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. पाणी उकळून गार केलेले असावे. नवख्या माणसास गावचे पाणी एकाएकी मानवत नाही, आणि सणाच्या दिवसांत पोट बिघडले म्हणजे दोष फराळावर येतो.

न्हाणीघरास आतून कडी, कपडे अडकविण्यास खुंटी आणि पाय न घसरेल अशी खरबरीत फरशी असावी. शौचालयात पाण्याची बादली व तांब्या आणि बाहेर साबण असावा. वृद्धांस उठताबसताना धरण्यासाठी भिंतीत एक भक्कम लाकडी दांडी बसविल्यास त्यांची मोठी सोय होते. नवे शौचालय बांधावयाचे असल्यास शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा.

मांडणी व सजावट

येथवरची कामे झाली म्हणजे खोली अर्धीअधिक सजलेलीच असते. पुढील सजावटीत एकच तत्त्व पाळावे. प्रत्येक वस्तू उपयोगी असावी आणि उपयोगाच्या प्रत्येक वस्तूस ठरलेली जागा असावी. पाहुण्याची पिशवी ठेवण्यास एक पेटी वा बाक, कपड्यांसाठी चारपाच खुंट्या, एक आरसा व फणी ठेवण्यास कोनाडा, ओले कपडे वाळविण्यास दोरी आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवण्यास लहानसे स्टूल एवढे सामान पुरते. फळांची लाकडी खोकी घासून, गेरू लावून भिंतीशी उभी केल्यास त्यांचे चांगले मांडे तयार होतात.

दारास झेंडूचे व आंब्याच्या पानांचे तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी, खिडकीस धुतलेल्या जुन्या लुगड्याचा पडदा आणि कोनाड्यात पणती एवढ्याने खोलीस सणाचे रूप येते. झेंडू तर बहुधा आपल्याच बांधावरचा असतो. भाताची लोंबी वा ज्वारीचे कणीस बांधून भिंतीवर लावावे. घरातील मुलींस हात असल्यास गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वेलबुट्टी काढावी. थर्मोकोलची व प्लॅस्टिकची फुले लावू नयेत. ती धूळ धरतात, आणि सण संपल्यावर उकिरड्यातून शेतात जातात. पणती पडद्यापासून व अंथरुणापासून दूर ठेवावी आणि निजण्यापूर्वी विझवावी.

खर्चाचा विचार

ऋण काढून सण करू नये, ही म्हण ह्या कामासही लागू आहे. दुकानातून नवा पलंग, नवे पडदे व तैलरंग आणून सजविलेली खोली चार दिवस मिरवते, परंतु तिचे हप्ते रब्बीच्या बियाण्याखतांच्या वेळी द्यावे लागतात. पैसा थोडा असेल तर तो पुढील क्रमाने खर्च करावा. पहिल्याने कीटकनाशकांसाठी कुलपाची पेटी, दुसऱ्याने मच्छरदाणी, तिसऱ्याने वायरिंगची दुरुस्ती, चौथ्याने चुना, आणि त्यानंतर उरल्यास इतर वस्तू. ह्यांपैकी पहिल्या चारही गोष्टी पाहुणे गेल्यावर वर्षभर घरच्यांच्याच उपयोगी पडतात.

कामांचा क्रम

दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सुमारे सतरा दिवस मिळतात. सुगी सांभाळून हे काम उरकावयाचे असेल तर ते पुढीलप्रमाणे वाटून घ्यावे.

दसऱ्यानंतरचे पहिले तीन दिवस: विषारी वस्तू, खते व बियाणे बाहेर काढणे. सांडलेल्या जागेची सफाई. दारेखिडक्या दिवसभर उघड्या ठेवणे.

चौथा ते सातवा दिवस: धान्य हलविणे, उंदरांची बिळे बुजविणे, भेगा व कौले दुरुस्त करणे.

आठवा ते अकरावा दिवस: चुना भिजविणे, सफेती, सारवण. सफेती पूर्ण वाळेपर्यंत खोली मोकळी ठेवणे.

बारावा ते चौदावा दिवस: गाद्या-गोधड्यांस ऊन देणे, कपडे धुणे, खाटांची सफाई, वीज तपासणे.

पंधरावा व सोळावा दिवस: परिसराची सफाई, न्हाणी व शौचालय, मांडणी.

सतरावा दिवस: घरातील एका माणसाने त्या खोलीत एक रात्र निजून पाहावे. पहाटे डोके जड होते काय, वास येतो काय, डास चावतात काय, रात्री बाहेर जाताना पाय कोठे अडखळतो, हे त्यास आपोआप कळते. ह्या एका रात्रीत जे उणे दिसेल ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानाने पटण्यासारखा नाही. कार्यकर्त्यांनी दसऱ्याच्या सुमारास गावातील एका तयार असलेल्या कुटुंबाची खोली निवडावी आणि ती सर्वांसमक्ष रिकामी करून दाखवावी. खोलीतून निघालेल्या बाटल्या व डबे अंगणात ओळीने मांडून ठेवल्यास, आपल्या निजण्याच्या जागेत काय काय साठले होते हे कोणी न सांगताही पाहणाऱ्यांस कळते. मात्र त्या कुटुंबास कमीपणा येईल असे बोलू नये. अशीच स्थिती बहुतेक घरांत असते, हे प्रथमच सांगावे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व महिला बचत गट ह्यांस ह्या कामात सहभागी करून घ्यावे. कारण पेटीची किल्ली बहुधा पुरुषाच्या हाती असली, तरी कोणती बाटली कोठल्या फडताळात आहे हे घरातील स्त्रीसच ठाऊक असते.

शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर शेतावर पाहुणे ठेवून जोडउत्पन्न मिळविण्याकडे अनेक शेतकऱ्यांचे लक्ष वळले आहे. ज्यांस तसा विचार करावयाचा असेल त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी. तथापि प्रारंभ घरच्या पाहुण्यांपासून करावा, हे चांगले. लेक व नातवंडे ज्या खोलीत चार रात्री सुखाने राहिली, तीच खोली पुढे परक्या माणसास पैसे घेऊन देता येईल. आणि तसे न केले तरी सर्व श्रम सार्थकी लागलेच आहेत.

भाऊबीज आटोपून पाहुणे परत गेले म्हणजे खोली पुन्हा मोकळी होते. त्या वेळी एक गोष्ट अवश्य सांभाळावी. धान्य परत आणण्यास हरकत नाही, परंतु बाहेर गेलेली विषाची पेटी त्या खोलीत पुन्हा येऊ देऊ नये. पाहुण्यांच्या निमित्ताने घर एकदा निर्धोक झाले, तर त्याचा लाभ वर्षाचे उरलेले सर्व दिवस त्याच घरात निजणाऱ्या आपल्या मुलांस मिळतो.